लष्करी पाद्र्यांच्या बिल्ल्यावरची चिन्हं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्याच्या जुन्या बाजारात एका रविवारी, पितळी कुलपं, बंद पडलेली घड्याळं आणि रेडिओच्या सुट्या भागांच्या ढिगात मला एक काळपट बिल्ला सापडला. मध्ये रुंद हातांचा क्रॉस, भोवती पानांची माळ, वर मुकुट आणि इंग्रजीत चार शब्द. "मिल्ट्रीचाय साहेब, घ्या," एवढीच माहिती विक्रेत्याकडे होती. तो ब्रिटिश सैन्यातल्या पाद्र्यांचा निघाला आणि मला या विषयाचा नाद लागला. आता ओळखीचे लोक आजोबांच्या ट्रंकेत सापडलेल्या बिल्ल्यांचे फोटो पाठवतात आणि बहुतेक वेळा तेच ते प्रश्न विचारतात. म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवतो आहे. भर अमेरिकन सैन्याच्या चॅप्लेन कोअरवर आहे, कारण चिन्हांची सगळ्यात मजेदार ओढाताण तिथे झाली.

चॅप्लेन म्हणजे पाद्रीच ना?

पाद्री असेलच असं नाही. सैन्यात नेमलेला धर्मगुरू तो चॅप्लेन. मग तो रब्बी असेल, इमाम असेल, बौद्ध भिक्खू असेल किंवा हिंदू पंडित.

हा शब्द एका झग्यातून आला आहे. चौथ्या शतकातला रोमन सैनिक मार्टिन, पुढे तूरचा संत मार्टिन, याने आमियाँ शहराच्या वेशीवर थंडीने कुडकुडणाऱ्या भिकाऱ्याला आपला झगा तलवारीने कापून अर्धा दिला, अशी आख्यायिका आहे. झग्याला लॅटिनमध्ये 'काप्पा' म्हणत. फ्रँक राजे हा पवित्र अवशेष लढाईला बरोबर नेत. तो सांभाळणारे पुजारी ते 'कापेल्लानी', आणि तो जिथे ठेवत ती जागा 'कापेल्ला'. चॅप्लेन आणि चॅपेल हे दोन्ही शब्द तिथले. म्हणजे या पदाचं पहिलं चिन्ह धातूचं नव्हतं, फाटक्या कापडाचं होतं.

ब्रिटिश शिपाई मात्र चॅप्लेनला 'पाद्रे' म्हणतो, आणि ते वळण त्याला हिंदुस्थानात लागलं. गोवा-वसईच्या पोर्तुगिजांकडून मराठीने 'पाद्री' घेतला, तोच शब्द इंग्रजांनी इथे उचलला आणि आपल्या पलटणींतून मायदेशी नेला.

या बिल्ल्यांना हेरल्ड्री म्हणायचं का?

काही भागाला म्हणता येईल. हेरल्ड्री, म्हणजे कुलचिन्हशास्त्र, ही मध्ययुगीन युरोपातली गरज होती. शिरस्त्राणाने तोंड झाकलं की समोरचा कोण हे ढालीवरूनच कळायचं. पुढे त्याचे नियम झाले. सोनेरी आणि चांदीचा हे 'धातू' मानले. लाल, निळा, काळा, हिरवा, जांभळा हे 'रंग'. धातूवर धातू नको आणि रंगावर रंग नको, कारण लांबून दिसत नाही. ढालीची उजवी बाजू म्हणजे ढाल धरणाऱ्याची उजवी, बघणाऱ्याची डावी. नवशिक्यांची इथे हमखास गल्लत होते.

अमेरिकेत हे काम व्हर्जिनियातल्या फोर्ट बेल्व्हॉर इथली इन्स्टिट्यूट ऑफ हेरल्ड्री ही सरकारी संस्था बघते. प्रत्येक दलाच्या चिन्हाचं शब्दांत नेमकं वर्णन आणि प्रत्येक घटकाचा अधिकृत अर्थ ती नोंदवून ठेवते.

काटेकोर बोलायचं तर चॅप्लेनच्या गणवेशावर दोन वेगळ्या गोष्टी असतात. एक त्याच्या धर्माचं चिन्ह: क्रॉस, अर्धचंद्र वगैरे. ते हेरल्ड्रीच्या कितीतरी आधीचं आहे. दुसरा अख्ख्या दलाचा बिल्ला. ती खरी हेरल्ड्री. फोटो पाठवणारे बरेचदा या दोन्हींची मिसळ करतात.

अमेरिकन चॅप्लेनचं सगळ्यात जुनं चिन्ह क्रॉसच असणार?

मलाही तसंच वाटायचं. पण नाही.

अमेरिकन सैन्यात चॅप्लेनची सोय २९ जुलै १७७५ पासून आहे. काँटिनेंटल काँग्रेसने त्या दिवशी त्यांचा पगार मंजूर केला. म्हणजे स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याच्याही वर्षभर आधी. पण पुढची शंभर वर्षं त्यांना स्वतःचं असं चिन्ह नव्हतं. यादवी युद्धातला चॅप्लेन ओळखू यायचा तो कपड्यांवरून: साधा काळा लांब कोट, उभी कॉलर, काळ्या बटणांची एकच रांग. सोनेरी झालरी लावलेल्या अधिकाऱ्यांच्या घोळक्यात हा कावळ्यासारखा उठून दिसत असणार.

१८८० साली त्यांना पहिलं चिन्ह मिळालं: मेंढपाळाची वाकड्या टोकाची काठी, चांदीच्या रंगात, काळ्या मखमलीच्या खांदपट्टीवर. आपल्याकडच्या धनगराच्या काठीला असा वळसा नसतो. तो काठी आडवी खांद्यावर टाकून त्यावर हात लोंबकळत सोडून चालतो, आणि फांदी खाली ओढायला आकडी लागते ती वेगळी. युरोपातली ही काठी मेंढराचा पाय किंवा मान अडकवून त्याला मागे ओढायला असते. भरकटलेल्याला परत आणणं, हा तिचा अर्थ. बिशपच्या हातातला दंड हे तिचंच नटवलेलं रूप.

चॅप्लेनच्या कामाला याहून चपखल चिन्ह मला तरी सुचत नाही. शिवाय कळपाला मेंढपाळ लागतो ही कल्पना कुणा एका धर्माची मालमत्ता नाही. ज्यूंच्या मोशेने मेंढ्या राखल्या, दाविदानेही राखल्या, ख्रिस्ताने स्वतःला मेंढपाळ म्हणवलं. पण १८८८ मध्ये ते चिन्ह बंद झालं. आठ वर्षं जेमतेम टिकलं.

मग क्रॉस कधी आला?

१८९८ मध्ये, स्पेनशी युद्ध झालं त्याच वर्षी. साधा लॅटिन क्रॉस, खालचा हात लांब, नक्षी काही नाही. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट दोघांनाही तोच. कॅथलिकांचा ख्रिस्तमूर्ती असलेला क्रूस घ्यायचा की प्रोटेस्टंटांचा मोकळा, हा प्रश्न मोकळा क्रॉस घेतल्यामुळे उरला नाही. क्रॉसवरून तुम्हाला चॅप्लेनचा पंथ कधीच कळणार नाही, हे ट्रंका उघडणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

ज्यू रब्बींनीही क्रॉसच लावायचा होता का?

काही काळ प्रश्न असाच अडला होता. त्याची मुळं जुनी आहेत. १८६१ च्या कायद्यात चॅप्लेन 'ख्रिस्ती पंथाचा'च हवा असं लिहिलं होतं. ज्यू नागरिकांनी आवाज उठवला, जुलै १८६२ मध्ये कायदा बदलला आणि फिलाडेल्फियाचे जेकब फ्रँकेल हे पहिले अधिकृत ज्यू चॅप्लेन झाले. तेव्हा चिन्हच नसल्यामुळे चिन्हाचा तंटा नव्हता. पहिल्या महायुद्धात तो उभा राहिला. पदावर घेतलं खरं, पण ओळख म्हणून छातीवर क्रॉस लावा, असं रब्बीला सांगायचं कसं?

सैन्याने १९१८ मध्ये उत्तर काढलं: दहा आज्ञांच्या जोडपाट्या आणि वर दोन त्रिकोण एकमेकांत गुंफून झालेला दाविदाचा तारा. पाट्यांवर एक ते दहा हे आकडे रोमन पद्धतीने कोरलेले. दहा आज्ञा हिब्रूत, त्या लिहिल्या रोमन आकड्यांत, आणि जेरुसलेमचं मंदिर पाडलं तेही रोमनांनीच! ही विसंगती दुरुस्त व्हायला साठेक वर्षं लागली. १९८० च्या सुमारास रोमन आकडे जाऊन हिब्रूची पहिली दहा अक्षरं आली. हिब्रूत अक्षरंच आकड्यांचं काम करतात, त्यामुळे मोजणी तीच राहिली, फक्त उजवीकडून सुरू झाली. संग्राहकांना याचा मोठा फायदा: पाटीवर रोमन आकडे दिसले की बिल्ला जुना.

नौदलाने वेगळीच वाट धरली. त्यांचे पहिले ज्यू चॅप्लेन डेव्हिड गोल्डबर्ग १९१७ मध्ये रुजू झाले. त्यांना क्रॉसऐवजी मेंढपाळाची काठी लावायची परवानगी मिळाली. सैन्याने तीस वर्षांपूर्वी टाकून दिलेली तीच काठी! १९४१ पर्यंत नौदलातल्या रब्बींच्या बाहीवर ती राहिली, मग तिथेही पाट्या आल्या. सगळ्यांचं म्हणून जन्माला आलेलं चिन्ह अशा रीतीने तेवीसेक वर्षं फक्त ज्यूंचं होऊन राहिलं.

अर्धचंद्राबरोबर तारा का नाही?

चांद-तारा ही जोडी ऑटोमन निशाणावरून आपल्या डोळ्यांत बसली आहे. अमेरिकन चॅप्लेनचा अर्धचंद्र नुसता आहे. त्याचा पहिला मानकरी अब्दुल रशीद मुहम्मद. डिसेंबर १९९३ मध्ये ते अमेरिकन सैन्यदलांतले पहिले मुस्लिम चॅप्लेन झाले.

जाता जाता हेरल्ड्रीची एक गंमत. इंग्लिश कुलचिन्हांत छोटी चंद्रकोर ही दुसऱ्या मुलाची खूण असते. थोरल्याच्या ढालीवर वेगळी, धाकट्यांच्या वेगळ्या. आणि कोरेची टोकं वर असली, उजवीकडे असली की डावीकडे, यावर तिची नावंही बदलतात. इमामांच्या चिन्हाशी या नियमांचा काही संबंध नाही, पण जुन्या इंग्रजी ढालीवर चंद्र दिसला म्हणून कुणी 'मुस्लिम पलटण' असं लिहून पाठवू नये.

बौद्ध चिन्हातलं चक्र म्हणजे आपलं अशोकचक्रच का?

नाही, आऱ्या मोजा. तिरंग्यावर चोवीस, चॅप्लेनच्या धम्मचक्रावर आठ. आठ आऱ्या म्हणजे आर्य अष्टांगिक मार्ग: सम्यक दृष्टीपासून सम्यक समाधीपर्यंत. १४ ऑक्टोबर १९५६ नंतरच्या महाराष्ट्रात हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही. नागपूरच्या दीक्षाभूमीवर गेलेल्या माणसाला चक्र दिसलं की पुढचं कळतं.

या चिन्हाचा प्रवास उलटा झाला. सैन्याने ते १९९० मध्ये मंजूर केलं, पण लावायला माणूसच नव्हता! अमेरिकन सैन्यदलांतल्या पहिल्या बौद्ध चॅप्लेन जनेट शिन २००४ मध्ये नौदलात आल्या, आणि भूदलात थॉमस डायर २००८ मध्ये. चिन्ह चौदा वर्षं पेटीत पडून होतं.

अमेरिकन गणवेशावर खरंच ॐ आहे?

आहे, २०११ पासून. आणि इथे मुंबईचा धागा आहे. पहिल्या हिंदू चॅप्लेन कॅप्टन प्रतिमा धर्म या मुंबईत वाढलेल्या. चॅप्लेन व्हायला तिथे आपल्या धर्माच्या मान्यताप्राप्त संस्थेची शिफारस लागते. ती चिन्मय मिशन वेस्टने दिली.

यातली खरी लक्षवेधी गोष्ट बातम्यांत मागे पडली. २०११ च्या आधी त्या सैन्यात ख्रिस्ती चॅप्लेन म्हणून काम करत होत्या. म्हणजे त्यांच्या छातीवर आधी क्रॉस होता, नंतर ॐ आला. हुद्दा तोच, काम तेच, जखमी शिपायाच्या खाटेशेजारी बसणं तेच. सात-आठ ग्रॅम धातू बदलला. त्यावरून टीका झाली, कौतुकही झालं. मला या घटनेत एवढंच दिसतं की त्या सैन्यात चिन्ह माणसाचं असतं, खुर्चीचं नसतं.

आणि हो, ते ॐ देवनागरी वळणाचं आहे. बाकीच्या चिन्हांना आकार आहे. हे एक चिन्ह मात्र आपल्याला वाचता येतं.

मग सगळ्या चॅप्लेनांचं मिळून एक चिन्ह नाहीच?

आहे, तोच दलाचा बिल्ला, आणि हेरल्ड्रीच्या दृष्टीने सगळ्यात भरगच्च. निळ्या पार्श्वभूमीवर सूर्य आणि किरणं. ऑलिव्हची डहाळी चोचीत धरलेलं कबूतर. उघडं पुस्तक. पामच्या फांद्या. १७७५ हे साल. आणि मेंढपाळाची काठी.

अधिकृत अर्थ असे दिले आहेत. निळा म्हणजे आकाश, कामाचं आध्यात्मिक स्वरूप. सूर्य म्हणजे निसर्गातलं ईश्वराचं अस्तित्व, किरणं म्हणजे सर्वांना लागू असणारं सत्य. पामच्या फांद्या म्हणजे आत्मिक विजय. कबूतर म्हणजे शांती. युद्ध टाळायचं आणि शांततेसाठी झटायचं, हे सैन्याचंच उद्दिष्ट म्हणून सांगितलं आहे. काठी म्हणजे कळपाची काळजी, आणि सोबत आठवणही करून दिली आहे की हेच आपलं पहिलं चिन्ह.

बघा, काठी परत आली. आठ वर्षांत टाकलेली, मग नौदलाने फक्त रब्बींना दिलेली, ती शेवटी सगळ्यांच्या बिल्ल्यावर बसली. कारण उघड आहे: दरम्यानच्या काळात धर्मानुसार चिन्हं वेगळी होत गेली, तेव्हा सगळ्यांना चालेल असं काय, असा प्रश्न पडल्यावर जुन्या सामानात तीच सापडली.

कबूतरही हुशारीने निवडलं आहे. प्रलयानंतर नोहाच्या तारवाकडे डहाळी घेऊन परतलेलं ते कबूतर ज्यू आणि ख्रिस्ती दोघांच्या धर्मग्रंथात आहे, आणि शांतीचं कबूतर आता कुणालाच परकं वाटत नाही. माझ्या मते पाय अडखळतो तो पुस्तकाशी. अधिकृत वर्णनात ते 'बायबल' आहे. चक्र किंवा ॐ लावणाऱ्याने त्याकडे कसं बघायचं? नुसतं 'पुस्तक' म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं? आपल्याकडे पोथी म्हटलं की कोणती हे ज्याचं त्याने ठरवायचं असतं.

'प्रो देओ एत पात्रिया' म्हणजे काय?

अमेरिकन दलाच्या त्याच बिल्ल्यावरचं हे ब्रीदवाक्य: ईश्वरासाठी आणि देशासाठी. लॅटिन आहे, आणि क्रम महत्त्वाचा आहे: ईश्वर आधी.

ब्रिटिश बिल्ल्यावरचे चार शब्द कोणते?

'इन धिस साइन कॉन्कर'. 'या चिन्हाने जिंक.' इसवी सन ३१२ मध्ये रोमजवळच्या मिल्व्हियन पुलाच्या लढाईआधी सम्राट काँस्टंटाइनला आकाशात किंवा स्वप्नात दृष्टांत झाला, त्यातले हे शब्द. आकाशात की स्वप्नात, यावर तेव्हाच्या दोन लेखकांतही एकमत नाही. त्याने ढालींवर ख्रिस्ताचं चिन्ह रंगवायला लावलं आणि लढाई जिंकली.

रॉयल आर्मी चॅप्लेन्स डिपार्टमेंट हे या दलाचं नाव. स्थापना २३ सप्टेंबर १७९६. नावात 'रॉयल' आलं १९१९ मध्ये, पहिल्या महायुद्धातल्या कामगिरीबद्दल. सुरुवातीला फक्त अँग्लिकन होते, मग १८२७ मध्ये प्रेस्बिटेरियन, १८३६ मध्ये रोमन कॅथलिक, १८८१ मध्ये मेथडिस्ट आणि १८९२ मध्ये ज्यू आले. ज्यू चॅप्लेनच्या बिल्ल्यात क्रॉसच्या जागी दाविदाचा तारा असतो.

ब्रीदवाक्याबद्दल माझं मत विचाराल तर मला ते खटकतं. हातात शस्त्र न धरणाऱ्या माणसाच्या टोपीवर 'जिंक' कशाला? समर्थक म्हणतात, हे जिंकणं आतल्या भीतीला आहे. असेल. पण काँस्टंटाइनने ते शब्द वाचून पुलावर नेमकं काय केलं हे सगळ्यांना ठाऊक आहे.

क्रॉसभोवतीची पानं नुसती शोभेची का?

नाही. एक लॉरेल, एक ओक. लॉरेलची माळ रोमन विजेत्याला घालत. ओकच्या पानांचा मुकुट मात्र लढाईत आपल्या नागरिकाचा जीव वाचवणाऱ्याला मिळे. मला विचाराल तर चॅप्लेनच्या बिल्ल्यावर ओकच खरा शोभतो. मधला क्रॉस 'माल्टीज' म्हणून ओळखला जातो, पण रुंद हातांच्या कुठल्याही क्रॉसला माल्टीज म्हणायची संग्राहकांची सवय आहे, तेव्हा या शब्दावर फार विसंबू नका. खऱ्या माल्टीज क्रॉसची आठ टोकं खाचेसह टोकदार असतात. तो जेरुसलेमच्या संत जॉनच्या शुश्रूषा करणाऱ्या सरदारांचा.

माझ्याकडच्या ब्रिटिश बिल्ल्याचा काळ कसा ओळखायचा?

मुकुटाकडे बघा. मुकुटाच्या कमानी वर गोलसर फुगलेल्या, मध्ये खळगा नाही, तर तो ट्यूडर मुकुट: साधारण १९०१ ते १९५३, एडवर्ड सातवा ते जॉर्ज सहावा. बाजारात याला 'किंग्ज क्राउन' म्हणतात. कमानी मध्यभागी खाली दबल्या असतील तर सेंट एडवर्ड मुकुट, म्हणजे राणी एलिझाबेथचा काळ. तिसऱ्या चार्ल्सने पुन्हा ट्यूडर मुकुट घेतला आहे, त्यामुळे नुसत्या मुकुटावर पैसे मोजू नका. झीज, पाठीमागची कडी आणि धातूचं वजनही बघा. भारतातल्या जुन्या ट्रंकेतून निघालेला बिल्ला बहुधा ट्यूडरच असतो, हे सांगायला नको.

चांदीचा आणि काळाच रंग का?

काळा हा पाद्र्याच्या झग्याचा. अमेरिकन सैन्यात चॅप्लेन शाखेचा रंग अजूनही काळाच आहे. काळ्यावर चांदी म्हणजे रंगावर धातू. हेरल्ड्रीचा नियम आपोआप पाळला गेला.

हा बिल्ला असला की शत्रू गोळी घालत नाही ना?

बिल्ल्याला तसं काहीच संरक्षण नाही. १९४९ च्या पहिल्या जिनिव्हा करारानुसार सैन्यातल्या धर्मगुरूंना डॉक्टरांसारखंच संरक्षण आहे. पकडले गेले तरी ते युद्धकैदी ठरत नाहीत, कैद्यांच्या सेवेसाठी ठेवून घेता येतात. पण त्याची खूण म्हणजे डाव्या दंडावरची पट्टी, पांढऱ्यावर लाल क्रॉस किंवा लाल चंद्रकोर. छातीवरचा चांदीचा चंद्र इमामाचा धर्म सांगतो, दंडावरचा लाल चंद्र मारू नका म्हणतो. अमेरिकन चॅप्लेन शस्त्र बाळगत नाही. त्याच्या सोबतीला असलेला सहायक शिपाई बाळगतो, आणि प्रसंगी चॅप्लेनला वाचवणं हे त्याच्या कामातच येतं.

वेगवेगळी चिन्हं एकत्र आल्याचा एखादा प्रसंग?

३ फेब्रुवारी १९४३. 'डॉर्चेस्टर' हे सैनिक वाहून नेणारं जहाज ग्रीनलंडजवळ जर्मन पाणबुडीने बुडवलं. जहाजावर ९०२ माणसं होती, वाचली २३० च्या आसपास. त्यावर चार चॅप्लेन होते: मेथडिस्ट जॉर्ज फॉक्स, रब्बी अलेक्झांडर गूड, रिफॉर्म्ड चर्चचे क्लार्क पोलिंग आणि कॅथलिक जॉन वॉशिंग्टन. तीन कॉलरींवर क्रॉस, एकीवर जोडपाट्या. लाइफ जॅकेटं संपली तेव्हा त्यांनी आपली काढून समोरच्या शिपायांना दिली. कुणाचा धर्म कोणता, हे विचारायला वेळ नव्हता. चौघंही जहाजाबरोबर गेले. १९४८ मध्ये अमेरिकेने त्यांचं टपाल तिकीट काढलं.

जहाजावर प्रार्थनेच्या वेळी राष्ट्रध्वजाच्या वर दुसरं निशाण लावतात, हे खरं का?

अमेरिकन नौदलात खरं आहे. पांढऱ्यावर निळा क्रॉस असलेलं निमुळतं निशाण, फक्त प्रार्थना चालू असेपर्यंत. १९७५ मध्ये ज्यू प्रार्थनेसाठी वेगळं निशाणही आलं.

एकदा ठरलेलं लष्करी चिन्ह बदलता येतं का?

येतं, आणि आपल्याकडे तर ठळक उदाहरणं आहेत. १९५० नंतर भारतीय सैन्याच्या बिल्ल्यांवरचा ब्रिटिश मुकुट गेला, अशोकस्तंभाचे सिंह आले. महार रेजिमेंटच्या बिल्ल्यावर सुरुवातीला व्हिकर्स मशीनगनच्या जोडीबरोबर कोरेगावचा विजयस्तंभ होता. पुढे स्तंभाच्या जागी खंजीर आला. त्यावर अजूनही लोक तावातावाने बोलतात. मेंढपाळाच्या काठीसाठी अमेरिकेत कुणी इतकं भांडल्याचं माझ्या वाचनात नाही.

भारतीय सैन्यात चॅप्लेन असतात का? त्यांचा बिल्ला कुठे मिळेल?

असतात, पण वेगळ्या पद्धतीने. आपल्याकडे त्यांना 'रिलिजस टीचर' किंवा धर्मगुरू म्हणतात: पंडित, ग्रंथी, मौलवी, पाद्री, आणि लडाखच्या जवानांसाठी बौद्ध भिक्खू. ते नायब सुभेदार म्हणून भरती होतात, म्हणजे ज्युनिअर कमिशन्ड ऑफिसर. अमेरिकन किंवा ब्रिटिश चॅप्लेन मात्र कॅप्टन, मेजर असे अधिकारी असतात. आपल्या धर्मगुरूंचं प्रशिक्षण पुण्यात, राष्ट्रीय एकात्मतेसाठीच्या लष्करी संस्थेत होतं. तिथे पंडिताने मौलवीचं आणि मौलवीने ग्रंथीचंही काम समजून घ्यायचं असतं. पुणेकरांना हे सांगितलं की बहुतेकांना आश्चर्य वाटतं, इतकं ते गावातच आहे.

स्वतंत्र चॅप्लेन कोअर नसल्यामुळे तशा धर्तीचा ढालीवरचा बिल्ला शोधत बसू नका. धर्मगुरू आपापल्या पलटणीचा असतो. आपल्याकडे सगळ्यांना एकत्र आणायचं काम बिल्ल्याने नाही, जागेने केलं: सर्वधर्म स्थळ. एकाच छपराखाली मूर्ती, ग्रंथसाहिब, कुराण, क्रूस. अमेरिकेने माणसागणिक चिन्ह वेगळं केलं, आपण चिन्हं एका खोलीत ठेवली. अधिकारी आपल्या जवानांच्या पूजेला जातो, मग त्याचा स्वतःचा धर्म कोणताही असो. ही रीत मला कुठल्याही बिल्ल्यापेक्षा जास्त बोलकी वाटते.

जुना बिल्ला साफ कसा करावा?

करू नका. विशेषतः काळपट ब्राँझचा असेल तर तो काळेपणा मळ नाही, मुद्दाम दिलेला आहे. कोरड्या मऊ फडक्याने पुसा आणि ठेवून द्या. जुन्या बाजारातला माझा बिल्ला मी देवघराच्या कपाटात ठेवला होता. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात आईने समई, निरांजनं आणि तबकाबरोबर तोही चिंचेने घासायला घेतला. मी पोचेपर्यंत क्रॉसचा एक हात आणि 'कॉन्कर'मधली दोन अक्षरं लख्ख पिवळी झाली होती. "देवाचाच आहे ना?" तिने विचारलं.